आक्कांचे जावई

आक्कांना डावं-उजवं कधीच कळलं नाही, आणि आमच्या ट्रेलरला रस्ता दाखवायचं काम नेमक्या त्याच करायच्या. ट्रेलर म्हणजे उसाची ट्रॉली नव्हे. साखर कारखान्याचा बॉयलर, वीज उपकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर, फौंड्रीतलं एखादं अगडबंब यंत्र असलं काहीतरी पाठीवर घेऊन मुंगीच्या पावलानं सरकणारं, चाकं मोजताना मधेच चुकायला होईल असं ते लांबलचक धूड. त्याच्या पुढं थोड्या अंतरावर एक जुनी स्कूटर, हँडलला बांधलेला लाल झेंडा, आणि स्कूटरवर साठी ओलांडलेल्या आक्का. पदर कमरेला खोचलेला आणि डोक्यावर कॉलेजच्या पोरांसारखं काळं हेल्मेट.

मागं केबिनमध्ये आमचे ड्रायव्हर असायचे. त्यांना सगळे मामा म्हणायचे. आक्का मागं मान वळवून ओरडायच्या, "मामा, हिरीकडं घ्या! आता टपरीकडं दाबा! म्हशीकडं जाऊ नगा!" मामा त्याबरहुकूम विहीर, टपरी आणि म्हैस बघून स्टेअरिंग फिरवायचे. नवा ड्रायव्हर असता तर पहिल्याच वळणाला पळून गेला असता. एकदा आक्कांनी "म्हशीकडं घ्या" म्हटलं आणि तेवढ्यात म्हैस उठून रस्त्याच्या पलीकडं गेली. मामांनी शांतपणे ब्रेक दाबला, विडी काढली आणि म्हैस एका जागी बसेपर्यंत ट्रेलर हलवला नाही. मागं वाहनांची रांग लागली तरी दोघांपैकी कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही.

मी आक्कांकडं कामाला लागलो तो हिशेबनीस म्हणून. बी.कॉम. झालो होतो, राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये टॅली शिकलो होतो, आणि आपण आता पंख्याखाली बसून बिलं करणार अशी माझी समजूत होती. शिरोलीच्या अलीकडं महामार्गाला लागून आक्कांचं आवार होतं. पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. आक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "हातात जोर हाय का?"

"आहे की."

"मग बस मागं."

मागं म्हणजे स्कूटरवर मागं. माझ्या हातात त्यांनी एक उभा बांबू दिला. उद्या जो लोड न्यायचा तो ट्रेलरवर चढल्यावर जमिनीपासून जेवढा उंच होणार, तेवढ्याच उंचीचा बांबू, आणि टोकाला बांधलेलं घुंगरू. आदल्या दिवशी सगळा रस्ता असा फिरून बघायचा ही आक्कांची पद्धत. घुंगरू वाजलं की वर काहीतरी आडवं आहे असं समजायचं. तारा दिसल्या की मात्र आक्का लांबच थांबायच्या आणि वायरमनला फोन लावायच्या. तेवढ्या बाबतीत त्या शहाण्या होत्या. बाकी वाऱ्यानं वाजलेलं घुंगरू कोणतं आणि फांदीनं वाजलेलं कोणतं हे ओळखायला मला पुष्कळ दिवस लागले. तोवर वारा सुटला की आम्ही थांबून आभाळाकडं बघत बसायचो.

जोतिबाच्या डोंगराच्या अंगानं जायची वेळ आली की माझी फार पंचाईत व्हायची. तो उभा बांबू बघून रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, कुणाची तरी सासनकाठी, म्हणजे जोतिबाची मानाची उंच काठी, निघालीय. शेतात वाकलेल्या बायका कमरेत ताठ व्हायच्या, हात जोडायच्या आणि "चांगभलं!" म्हणायच्या. आक्काही खणखणीत आवाजात "चांगभलं!" म्हणायच्या. एका म्हातारीनं तर आम्हाला थांबवून बांबूला गुलाल लावला आणि उरलेला माझ्या कपाळाला फासला.

मी म्हटलं, "आक्का, त्यांना सांगा की हा मापाचा बांबू आहे म्हणून."

"कशाला? त्यास्नी काय बांबूला नमस्कार केलाय व्हय? देवाला केलाय. त्यांचं आणि देवाचं चाललंय, त्यात आपण कशाला पडा?"

मी गुलाल पुसला आणि बांबू सरळ धरला.

पण आक्कांचं खरं वेड वेगळंच होतं. त्या लोडला लोड म्हणायच्या नाहीत. जावई म्हणायच्या. "जावई किती वाजता निघतंय?" "ह्या जावयाला चार साखळ्या टाका, लई हलतंय." "बॉयलरचं जावई तापट असतंय, सांभाळून." लोड ट्रेलरवर चढला की आधी हळदकुंकू, मग नारळ, मग ट्रेलरला एक प्रदक्षिणा आणि मगच मामांनी चावी फिरवायची. नव्या गिऱ्हाईकाला फोनवर हे ऐकून काही सुधरायचं नाही. पुण्याच्या एका कंपनीतल्या साहेबानं मला एकदा हळूच विचारलं होतं, "तुमच्याकडे कुणाचं लग्न आहे का? मग आमचं मशीन पुढच्या आठवड्यात घ्या."

मी एकदा आक्कांना विचारलं होतं की हे जावयाचं खूळ कुठून आलं. त्या म्हणाल्या, "मला लेक न्हाय. एकच पोरगा, त्यो बी डॉक्टर. देवानं म्हटलं आसंल, बाईला लेक न्हाय तर न्हाय, जावई तरी भरपूर देऊया. आणि सांग बरं मला, वजनदार असतंय, जाग्यावरनं हलत न्हाय, जाईल तिथं रस्ता मोकळा करून द्यावा लागतोय आणि कुठं ओरखडा उठला तर जन्मभर काढून दाखवतंय. जावई न्हाय तर काय हाय ते?"

जावई म्हटल्यावर मानपान आलाच. एका कंपनीचा फिटर ट्रान्सफॉर्मरवर चढून, पाय खाली सोडून डबा खात बसला होता. आक्कांनी त्याला खाली उतरवलं. "जावयाच्या डोसक्यावर बसून जेवतोस व्हय रं?" तो बिचारा परप्रांतातला. त्याला शब्द कळले नसावेत, पण आवाज कळला. मग आक्कांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी आणि खरडा त्याला वाढला. खरडा खाऊन त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा त्यांना वाटलं की त्याला पश्चात्ताप झाला.

आणि मानपानातला सगळ्यात मोठा नियम म्हणजे जावई दारातून मागं फिरवायचा नाही. लोड भरलेला ट्रेलर रिव्हर्स घ्यायला आक्कांची सक्त मनाई होती. रिकामा ट्रेलर खुशाल मागं घ्या, रिकाम्याला कसला मान? पण लोड वर असताना पुढंच जायचं. एकदा गोकुळ शिरगावात कारखान्याचं फाटक आम्ही थोडं ओलांडून पुढं गेलो. ट्रेलर जरासा मागं घेतला असता तर काम भागत होतं. आक्कांनी तो थेट कागलपर्यंत नेला, तिथून वळवला आणि परत आणला. आता मी निपाणीत माझ्या सासऱ्यांच्या सिमेंटच्या दुकानात बसतो. दारात भरलेला ट्रक उलटा लागायला लागला की अजूनही मी गल्ल्यावरून उठून उभा राहतो.

रस्त्यात ट्रेलर म्हणजे मागच्या लोकांचा खोळंबा आणि खोळंबा म्हणजे शिव्या. त्यावर आक्कांचा उपाय होता लिमलेटच्या गोळ्या. स्कूटरच्या डिकीत त्यांची पिशवीच असायची. कुणी तावातावानं अंगावर आलं की त्या त्याच्या हातावर गोळी ठेवायच्या. एकदा मोठ्या गाडीतला एक माणूस दार आपटून उतरला. "ओ बाई, तुमच्या बापाचा रस्ता आहे काय?"

"न्हाय की. तुमच्या बी बापाचा न्हाय. धरा, गोळी घ्या."

तो इतका गोंधळला की त्यानं गोळी घेतली आणि तोंडात टाकली. आक्का मला नंतर म्हणाल्या, "भांडायला तोंड लागतंय. तोंडात गोळी असली की माणूस आधी गोळी बघतोय." तो माणूस गोळी चघळत थोडा वेळ उभा राहिला आणि मग स्वतःच पुढं होऊन समोरून येणाऱ्या गाड्या थांबवायला लागला. कोल्हापूरच्या माणसाला काम दिलं की तो भांडण विसरतो, हे मी तेव्हा शिकलो.

आक्कांचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. ट्रेलर त्यांनीच घेतलेला. ते गेल्यावर भाऊबंदांनी सांगितलं की हा धंदा बाईमाणसाचा नव्हे, विकून मोकळी हो. आक्कांनी तेराव्याचं जेवण उरकलं आणि दुसऱ्या दिवशी स्कूटरला झेंडा बांधला. हे मला मामांनी सांगितलं. आक्का स्वतः त्या दिवसांबद्दल बोलायच्या नाहीत.

त्यांचा मुलगा राजारामपुरीत हाडांचा डॉक्टर होता. भला माणूस, पण त्याची अवस्था बघा. दिवसभर स्कूटरवरून पडलेली माणसं तपासायची, आणि घरी आल्यावर बघायचं तर सख्खी आई स्कूटरवर, आणि तीही असल्या धुडाच्या पुढं. वर पेशंट येऊन सांगायचे, "डॉक्टर, तुमच्या मातोश्री आज कावळा नाक्यावर दिसल्या. ट्रॅफिक पोलिसाला गोळी खायला लावली त्यांनी." डॉक्टर हसायचा, पण त्याला धास्ती असायचीच. मला हे ठाऊक आहे, कारण तो रोज मला फोन करून विचारायचा, "पोचली का आई?"

मग ते झालंच. वाघबीळच्या उताराला खडीवरून स्कूटर घसरली आणि आक्कांचा हात मोडला. मुलानंच प्लास्टर घातलं. घालता घालता तो म्हणाला, "आई, आता बास. परत एकदा पडलीस तर ट्रेलर विकायचा. शब्द दे."

आक्कांना शब्द देताना सुद्धा मिजास सोडवेना. त्या म्हणाल्या, "पडलो तर वीकच. आणि आणखी ऐक. एक बी जावई मागं फिरवाय लागलं, तरी वीक. अंबाबाईची आण." दुसरी अट त्याच्या स्वप्नातही नव्हती. ती त्यांनी स्वतःच स्वतःच्या गळ्यात बांधून घेतली. मी शेजारी उभा होतो आणि मला त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला होता.

ही बातमी कशी कोण जाणे सांगलीपर्यंत गेली. तिथल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला आमचा ट्रेलर हवाच होता. तो दर दोन दिवसांनी मला फोन करायचा. "काय पावणं, अडकलं का न्हाय अजून?" मी नाही म्हटलं की खट्टू व्हायचा. "बरं बरं, गडबड न्हाय. आक्कांची तब्येत?" ट्रेलर गेला की माझी नोकरी जाणार हे उघड होतं. पण खरं सांगायचं तर मला नोकरीपेक्षा आक्कांची काळजी होती. झेंड्याशिवाय त्या घरात बसल्यात, हे चित्रच मला डोळ्यांपुढं आणता येत नव्हतं.

अशात मलकापूरच्या पुढचं काम आलं. शाहूवाडीच्या डोंगराळ भागात एका गावाबाहेर नवं वीज उपकेंद्र झालं होतं आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर आम्ही पोचवायचा होता. त्या गावात संध्याकाळी पंखा लावला की पाती मोजता यायची. भात गिरणीची मोटर तर दिवे लागल्यावर उठायचीच नाही. त्यामुळं या ट्रान्सफॉर्मरची गावानं फार वाट बघितली होती. आदल्या दिवशी मी आणि आक्का बांबू घेऊन थेट उपकेंद्राच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. घुंगरू वाजलं ते फक्त एका फणसाच्या फांदीला. मालकानं ती फांदी तोडू दिली. आक्का परतताना खूश होत्या. "हे जावई गुणाचं हाय," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दवाखाना बंद, म्हणून डॉक्टरही आपली गाडी घेऊन ट्रेलरच्या मागून निघाला. म्हणाला, "बघतो तरी, तू काय करतेस ते." हात मोडल्यानंतर आक्कांचा हा पहिलाच लांबचा लोड. उजाडता निघालो. मलकापूर मागं पडलं, मोठा रस्ता सोडून आम्ही गावाच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कापणीला आलेला भात, वास नुसता दरवळत होता. दुपारी गावाची वेस आली. लांबूनच हलगी ऐकू आली. लेझीम होतं, ओवाळायला ताटं घेतलेल्या बायका होत्या, पोरं झाडावर चढून बसली होती.

आणि वेशीत, रस्त्याच्या बरोबर मधोमध, कमान होती.

काल ती नव्हती. बांबूंची, रंगीत कापडाची, झेंडूच्या माळांची भलीमोठी कमान, वर डिजिटल बोर्ड आणि त्यावर लिहिलेलं, "ट्रान्सफॉर्मरचे गावात सहर्ष स्वागत". गावानं ती सकाळीच उभी केली होती, आमच्या स्वागतासाठी. उंची किती ठेवायची यावर म्हणे बरीच चर्चा झाली होती. शेवटी गावात आजवर आलेली सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे भाताच्या पेंढ्यानं भरलेली गाडी, म्हणून तिचं माप धरून वर एक हात जास्त ठेवला होता. कालचा बांबू सगळ्या गावानं बघितला होता, पण त्यांना ती सासनकाठी वाटली होती.

ट्रान्सफॉर्मर कमानीपेक्षा दीड हात उंच होता.

"मग सोडून उतरवा की कमान," मी म्हणालो. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी कुणाच्या तरी देवघराला हात लावलाय. मग मला बोर्ड नीट दिसला. गावात दोन गट. बोर्डाच्या एका बाजूला एका गटाच्या पुढाऱ्यांचे फोटो, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचे, दोन्हीकडं अगदी सारखे, सारख्या आकाराचे. त्यावरून आठवडाभर बैठका झाल्या होत्या. आता कमान सोडायची तर एक बाजू आधी खाली येणार. ज्याची आधी येईल त्याचा पुढारी आधी पडणार, आणि तेही सगळ्या गावादेखत, हलगीच्या तालावर.

"त्यांची बाजू सोडा आधी," पहिल्या गटाचा म्होरक्या म्हणाला.

"का? आमचं काय उतू आलंय?" दुसरा म्हणाला.

आक्कांनी दोघांच्या हातावर गोळ्या ठेवल्या. दोघांनी गोळ्या तोंडात टाकल्या आणि गोळ्यांसकट भांडायला लागले. आक्कांचा उपाय फसलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. मग मामांनी ट्रेलरच्या चाकांतली हवा कमी करून बघितली. लोड चार बोटं खाली आला. हलगीवाले हलगी सोडून वाकून बघत होते. एवढ्यानं काही होण्यासारखं नव्हतं. रस्त्याच्या कडेनं काढावं तर दोन्हीकडं भाताची ओली खाचरं.

गर्दीतला गावचा वायरमन म्हणाला, "आक्का, मागं शाळेपाशी फाटा हाय. तिथनं गावाला वळसा घालून उपकेंद्राला जाता येतंय. तेवढं ट्रेलर मागं घेतला की झालं."

तो सहज बोलून गेला. त्या बिचाऱ्याला काय माहीत? मी डॉक्टरकडं बघितलं. तो गाडीतून उतरून पुढं आला होता. अंबाबाईची आण त्यालाही आठवत होती. नेमका तेव्हा माझ्या खिशातला फोन वाजला. सांगलीवाला. मी फोन बंद करून टाकला.

आक्का रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसल्या. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. समोर ताटं घेतलेल्या बायका उन्हात उभ्या होत्या. त्यातल्या एका म्हातारीचे हात थरथरत होते, पण ती ताट खाली ठेवत नव्हती. आक्का तिच्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग उठल्या आणि केबिनपाशी जाऊन म्हणाल्या, "मामा, घ्या मागं."

मामांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

"मागं घ्या म्हणतोय न्हवं मी. बायामाणसं सकाळधरनं उन्हात उभी हाईत. जावई आज पोचाय पायजे. माझा ट्रेलर गेला तर गेला."

मामांनी स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "मी न्हाय घेणार. तुमच्यापाशी कामाला लागल्याधरनं भरला ट्रेलर मागं घेतला न्हाय. मला आता येत बी न्हाय. तुम्हीच घ्या."

"मला येतंय व्हय चालवाय?"

"मग बसा."

आक्कांचा आवाज चढेल असं मला वाटलं. चढला नाही. त्या तिथंच ट्रेलरच्या चाकाला हात लावून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या मला कधी म्हाताऱ्या दिसल्या नव्हत्या. त्या क्षणी दिसल्या, आणि मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात डॉक्टर त्या दोन म्होरक्यांपाशी गेला. पेशंटला विचारावं तसं त्यानं विचारलं, "खांब किती खोल पुरलेत?"

"हातभर," दोघंही म्हणाले. दिवसभरात त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

"मग सोडायची कशाला? आख्खी उपटा. ह्या बाजूचा खांब ह्यांनी धरा, त्या बाजूचा त्यांनी. दोन्ही बाजू एकदम उचला आणि कमान घेऊन लोडच्या पुढं चाला, उपकेंद्रापर्यंत. कुणी खाली येत नाही, कुणी वर राहत नाही."

दोन्ही म्होरके मनात हिशेब करत होते की यात आपलं काही जातं का. काही जात नव्हतं. उलट आपण नाही म्हटलं आणि दुसऱ्यानं हो म्हटलं तर अब्रू जाणार होती. झाडावरून कुणीतरी ओरडलं, "उचला की रं!" आणि दोन्ही बाजूंनी माणसं धावली.

कमान हलली, तिरकी झाली, सरळ झाली आणि चालायला लागली. असली मिरवणूक मी जन्मात बघितली नाही. पुढं हलगी, मग लेझीम, मग चालणारी कमान, मग स्कूटरवर आक्का आणि मागं ट्रान्सफॉर्मर. एका गटानं आपली बाजू चार बोटं वर केली की दुसरा गट सहा बोटं वर करायचा. असं करता करता कमान इतकी वर गेली की त्या चढाओढीत ट्रान्सफॉर्मर खालून निघाला असता. डॉक्टरला कुठल्याच गटात जागा नव्हती, म्हणून त्याच्या हातात मधली दोरी दिली. इस्त्रीचा शर्ट घामानं भिजलेला, केसात झेंडूच्या पाकळ्या, आणि तो मागं मान वळवून ओरडत होता, "देवळाकडं घ्या! अहो, देवळाकडं!" आक्का ते ऐकून स्कूटरवर हसत होत्या. हसता हसता हँडल डगमगलं तेवढंच.

उपकेंद्राच्या फाटकाशेजारी कमान परत रोवली. बायकांनी ट्रान्सफॉर्मरला ओवाळलं, थरथरत्या हाताच्या म्हातारीनं आधी. जावई सासरी पोचले. कमानीखालून मात्र ते शेवटपर्यंत गेले नाहीत. सांगलीवाल्याला मी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, की पावणं, दुसरीकडं बघा. तो म्हणाला, "ते जाऊ द्या, आमचं एक मशीन इचलकरंजीला न्यायचंय. आक्का नेतील काय?"

परतताना मलकापुरात चहाला थांबलो. दिवस कलला होता. भजी आली, चहा आला. आक्कांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, ट्रेलर वीक."

"का?"

"आण घेतलीया मी. जावई मागं फिरवलं तर विकायचा."

"फिरलं कुठं?"

"मामा आडमुठं म्हणून न्हाय फिरलं. माझ्या तोंडातनं तर गेलं न्हवं, घ्या मागं म्हणून? तोंडातनं गेलं म्हंजी गेलं."

मामा भजी खाण्यात गर्क होते. डॉक्टरनं चहाचा घोट घेतला. इतका वेळ तो दवाखान्यातलं मराठी बोलत होता, आता त्याची भाषा आपोआप घरची झाली.

"आई, तोंडानं तू मला दिवसातनं चारदा घराभायेर काढतीस. मी गेलोय कवा?"

आक्कांनी भज्यांची बशी त्याच्याकडं सरकवली.

"मागं घ्या म्हणालीस न्हवं, तवा तुझं तोंड बघितलं मी. हात मोडलेला तवा बी तसं न्हवतं झालं. हाड जुळवाय येतंय मला, आई. ते न्हाय जुळवाय येत." तो थांबला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "पुढचा लोड कवा हाय?"

"गुरुवारी," मी म्हणालो.

त्यानं खिशातून फोन काढला आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरला लावला. आक्का त्याच्याकडं बघत होत्या, त्यांचे डोळे भरले होते आणि त्या ते लपवतही नव्हत्या.

"हां, ऐक. गुरुवारी दवाखाना बंद. पेशंटना शुक्रवारी बोलीव." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "न्हाय रं, लगीन न्हाय कुणाचं. लोड हाय आमचा."